मातृभाषेचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरात माझी जन्मतारीख १ जून आहे. त्यात विशेष काही नाही. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची १ जूनच होती. वडिलांच्या नावाच्या जागी सरांनी ‘सिद्धेश्वर’ लिहून टाकलं. सोलापुरात त्या नावाच्या बापांना काय तोटा? अडलं ते मातृभाषेच्या रकान्यात.

१९७४ च्या सुमारास, तीनेक वर्षांचा असताना, मला कुणीतरी सोलापूर स्टेशनवर सोडून गेलं. रडताना एकच शब्द म्हणत होतो म्हणे, ‘अव्वा’. बालगृहातल्या बाईंनी शाळेत नाव घालताना सरांना तेवढंच सांगितलं. आता एवढ्यावरून आमच्या गावात काय कळणार! कानडीत अव्वा म्हणजे आई, तेलुगूत आजी. गाडी तरी कुठली धरायची? होटगीला एक फाटा विजापूर-गदगकडे फुटतो, दुसरी लाईन वाडीला जाते, तिथून हैदराबाद.

पूर्व भागात, म्हणजे तेलुगू वस्तीत, राहणाऱ्या माझ्या मित्राची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. मला बघितलं की कात्री बाजूला ठेवून म्हणायची, “मा पिल्लवाडे,” आमचाच पोरगा. शाळेच्या शिपाईमामांचं मत पक्कं, तेच पण कानडीत, “नम्म हुडुग.” दोघांच्याही घरी पोटभर जेवलोय. शेंगाचटणी मात्र मामांच्या घरचीच, हे आज छापून टाकतो.

नववीत कुणाला न सांगता मीटरगेजच्या गाडीनं विजापूरला गेलो. स्टेशनबाहेर दिवसभर बसून पोरांच्या तोंडचं ‘अव्वा’ ऐकत राहिलो. वाटलं होतं, आतून काहीतरी हलेल. भूक लागली, एवढंच. सोमवारी सरांनी विचारलं, “कुठं होतास?” खरं ते सांगितलं. त्यांनी छडी उचलली नाही. म्हणाले, “हैदराबादला जाशील तेव्हा सांगून जा. डबा देतो.”

हैदराबाद राहूनच गेलं.

या स्मरणिकेसाठी जुना फोटो शोधायला गेल्या महिन्यात शाळेत गेलो, तेव्हा ते रजिस्टर पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. रकान्यात निळ्या शाईत ‘मराठी’. त्याखाली सरांच्याच अक्षरात पेन्सिलीनं ‘कानडी?’, ते खोडून ‘तेलुगू?’, तेही खोडलेलं.

क्लार्क म्हणाले, “दुरुस्ती हवी असेल तर अर्ज द्या.”

“नको. झेरॉक्स द्या फक्त.”

झेरॉक्समध्ये शाई आली, पेन्सिल उठलीच नाही. माझ्या तोंडाकडे बघून ते परत मशीनकडे वळले. “थांबा, गडद काढून देतो.”