पाखराले तिखट लागत नाही

सकाळी सडा टाकायला बाहेर गेले तर मिरची अर्धीच. देठाला लटकलेली, एका अंगानं फाडलेली. लाल झालेली ती एकच होती.

बाबांनी वाकून पाहिलं. "बुलबुलाचं काम आहे. पाखराले तिखट लागत नाही, माय." आणि कापसात निघून गेले.

'वाईट वाटलं' एवढं लिहून वही मिटणार होते. पण ते खरं नाही. आधी, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं झालं. तेच दिवसभर टोचतंय.

जानेवारीत आले तेव्हा पर्समध्ये भूत जोलोकिया मिरचीच्या आठ बिया होत्या. बाकी काय आणलं, काय तिकडेच राहिलं, ते आज नको. चहाच्या कागदी कपांत पेरल्या. थंडीत उगवत नाहीत म्हणून रात्री कप चुलीजवळ. आपली मिरची आठ-दहा दिवसांत कोंब काढते, हिनं एकोणिसावा दिवस दाखवला. आली तीन. एक बुडाशी सडून आडवी झाली, दुसरीवर पानं आकसवणारा कोकडा रोग आला. तिसरीला मे महिन्यात फुलं यायची अन् उन्हानं गळायची. रोज सकाळी कुंडीखाली फुलं झाडून काढायची. आई म्हणायची, "लेकरावानी जपते." मग एकदम गप्प व्हायची.

आणि मी गावभर सांगत सुटलेली. २००७ साली गिनीजमध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून नोंद, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखट मोजायचं माप) वर! (२०१३ साली कॅरोलिना रीपर अन् २०२३ साली पेपर एक्स तिच्या पुढं गेल्या, तेवढं गाळायचे.) आपल्या भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या दादाला तो अपमानच वाटला. "पयली पिकली का भाकरीसंग खाऊन दाखव." "दाखवीन," म्हणाले. पोळ्याला, सगळ्यांसमोर.

लाल होऊन चार दिवस झाले होते. तोडली का नाही? 'रंग भरू दे अजून' म्हणत होते. कसला रंग! भ्याले होते. नऊ महिन्यांत माझ्या हातून धड एक गोष्ट झाली, तिलाही मी भ्याले, अन् बोटभर पाखरू सकाळी सकाळी नाश्ता करून गेलं.

दुपारी सगळे झोपल्यावर उरलेली अर्धी पाहिली. खरं तिखट बियांत नसतं, आतल्या पांढऱ्या पडद्यात असतं. तो पडदा ओला चमकत होता, त्यावर तेलासारखे बारीक थेंब. करंगळी टेकवली, जिभेला लावली. आधी काहीच नाही. उलट आंब्यासारखा गोडसर वास. म्हटलं, एवढंच? मग घशापासून मागं कानापर्यंत पेटलं. पाणी प्याले तर आणखीच पसरलं. शेवटी विरजणाला काढलेलं दूध तसंच तोंडात धरून स्वयंपाकघरात उकिडवी बसले, नाक गळतंय, उचक्या लागल्या. पाहायला कोणी नाही.

संध्याकाळी दादा कुंपणावरून, "काय वं, खाल्ली काय?"

"पाखरानं खाल्ली."

"वाचली तू!" पोट धरून हसला.

खरं का नाही सांगितलं, कोण जाणे. ओठ अजून चुरचुरताहेत. पण पाखराच्या पोटातून मिरचीचं बी साबूत निघतं, हे दादाला कुठं ठाऊक आहे. आणि तो बुलबुल दिवसभर बसतो, ती तार बरोबर त्याच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यावरून जाते.