मावशी आणि तिची कात्री

मावशी गेली तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कुणीतरी 'निवृत्त नर्स' एवढंच लिहून आणलं होतं. मी तो परत पाठवला. भावाचं म्हणणं होतं की आता ह्या वेळी कशाला वाद, पण मी हटले नाही, लेफ्टनंट कर्नल (निवृत्त), मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस असंच छापून आणा म्हटलं आणि तसंच आणायला लावलं. नर्स म्हणवून घ्यायची तिला लाज अजिबात नव्हती. वॉर्डातल्या जवानाने सिस्टर म्हणून हाक मारली की ती धावायची, पण खिडकीमागच्या क्लार्कने फॉर्मवर नुसतं 'नर्स' खरडलं की ती तिथेच उभी राहून रँक लिहायला लावायची. आपल्याकडे कितीतरी जणांना माहीतच नसतं की ह्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या, म्हणजे एमएनएसमधल्या, सगळ्या जणी कमिशन्ड ऑफिसर असतात, 1943 च्या ऑर्डिनन्सपासून.

तशी ही सर्व्हिस फार जुनी आहे. 1888 मध्ये दहा ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, लष्करी दवाखान्यांमधलं नर्सिंग मार्गी लावायला, आणि तिथून हे सुरू झालं. मावशीच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते 1976 मध्ये. त्या वर्षी गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यात त्या रँकपर्यंत पोचलेल्या पहिल्या बाई, आणि त्या कुणी डॉक्टर नव्हत्या, नर्स होत्या. मावशीने त्यांचा पेपरातला फोटो कापून वहीत चिकटवला होता. आजोबांचा विरोध होता, आजीने गुपचूप फॉर्मची फी दिली, आणि मावशी पुण्याला एएफएमसीत, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, बीएस्सी नर्सिंगला गेली.

लग्नाचं मात्र राहून गेलं. राहून गेलं असं आम्ही म्हणतो, पण खरं कारण वेगळं होतं. 1977 च्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलंच होतं की लग्न केलं म्हणून एमएनएसमधल्या बाईला नोकरीतून काढता येईल. पुरुष ऑफिसरला असा नियम नाही, फक्त ह्यांना! 1995 मध्ये तो मागे घेतला तोवर मावशी चाळिशीच्या आसपास होती. सेलिना जॉन म्हणून एक लेफ्टनंट होत्या, त्यांना ह्याच नियमाखाली 1988 मध्ये घरी पाठवलं होतं, त्या कोर्टात लढत राहिल्या आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना 60 लाख रुपये द्यायला सांगितले. ती बातमी मीच मावशीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "छत्तीस वर्षं लढली गं ती." आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेली. मला आजही त्या नियमाचा संताप येतो.

1999 मध्ये ती श्रीनगरला बेस हॉस्पिटलला होती. कारगिलचे जखमी हेलिकॉप्टरने यायचे. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलायची नाही, पण एक गोष्ट सांगायची, की बूट कधी ओढून काढायचा नाही. आत पायाचं काय झालंय ते दिसत नसतं, हाड मोडलेलं असलं तर ओढल्याने आणखी नुकसान होतं, म्हणून आधी लेस कापायची, मग बूट बाजूने उभा कापत जायचा आणि उलगडून काढायचा. तेवढ्यात त्या पोराशी बोलत राहायचं, गाव कुठलं, घरी कोण कोण. खिशातलं पत्र, फोटो, घड्याळ सगळं एका पिशवीत घालून वर त्याचं नाव लिहायचं. शुद्धीवर आल्यावर आधी ती पिशवीच मागतात, असं ती सांगायची.

दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर ती घरी पडून होती. मावशी आली, बॅगही नीट ठेवली नाही, आईच्या पायावरची चादर वर केली आणि टाचा बघितल्या. डावी टाच लालसर झाली होती. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बोटाने दाबून बघितली, सोडल्यावरही लाली तशीच राहिली, तेव्हा तिचा चेहरा बदलला. मग पोटऱ्यांखाली उशी, टाचा पूर्ण अधांतरी, दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीवर एक सुरकुती नको. रात्री दोन आणि चारचा गजर तिने माझ्या मोबाइलमध्ये लावला, स्वतःला गजराशिवायच जाग यायची. आईला बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, झाला नाही.

परवा तिची काळी लोखंडी ट्रंक उघडली, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली. वर युनिफॉर्म घडी करून ठेवलेला, खाली ती वही, रामबाईंच्या फोटोची, आणि एका कापडात गुंडाळलेली ड्रेसिंगची कात्री. तिच्या एका पात्याचं टोक बोथट असतं, कापताना कातडीला लागू नये म्हणून. इतक्या वर्षांनीही एक गंजाचा डाग नाही. मी ती आईच्या उशाशी ठेवलीये. आई आता काठी घेऊन चालते, तरी मी रात्री झोपायच्या आधी तिची चादर वर करून बघते, आणि ती अर्धवट झोपेत विचारते, "आली का गं ती?"