अपूर्णांक कुठं ठेवायचा?

मागच्या रविवारी रात्री साडेआठला एका पोरीचा व्हॉइस मेसेज आला, "मॅडम, तुमचा लसाविचा व्हिडिओ सापडूनच नाही रायला, बाबाले मोबाईल पायजे, लवकर सांगा ना कुठी हाये." मी लिंक शोधून पाठवेपर्यंत दहा मिनिटं गेली, तोवर मोबाईल बाबाच्या हातात गेलेला. दुसऱ्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. व्हिडिओ होता हो, मीच बनवलेला, मीच टाकलेला, आणि मलाच तो पटकन सापडला नाही. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही खरं सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गावात शिकवणी घेते, पाचवी ते दहावी. आसपासच्या गावातली पोरं रोज येऊ शकत नाहीत, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, कापूस वेचणीच्या दिवसात तर मोठी पोरं घरीच लागतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी लहान भावानं मला वर्डप्रेसवर एक वेबसाइट बसवून दिली. तो पुण्याला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्यावर माझे व्हिडिओ, सरावाची पानं, सोडवलेले पेपर. बघता बघता १८० च्या वर गोष्टी झाल्या आणि कॅटेगरी झाल्या ३४. चौतीस! पोरांच्या हातात असतो तो बापाचा फोन, स्क्रीनवर भेग गेलेली, शेतातून संध्याकाळी घरी येतो तेव्हा तासभर मिळतो, त्यात नेटवर्कसाठी अंगणात यायचं. त्या तासात माझा मेनू खाली खाली सरकवत बसायला लावणं हे मला आता फार वाईट वाटतंय.

सुरवातीला मी केलं काय तर सरळ पाठ्यपुस्तकाप्रमाणे गेले. इयत्ता, मग विषय, मग धडा. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण गणिताचा अपूर्णांक घ्या, तो पाचवीत आहे, सहावीत आहे, सातवीत परिमेय संख्येच्या अंगानं पुन्हा येतो, स्कॉलरशिपला विचारतात, नवोदयच्या प्रवेश परीक्षेला विचारतात. मग मी एकच व्हिडिओ पाच ठिकाणी टाकला. पुढं त्यात एका उदाहरणात माझी चूक निघाली, छेद समान करताना अंश गुणायचा राहिला होता, एका पोरानं दाखवली, मी दोन ठिकाणी सुधारली आणि तीन ठिकाणी चुकीचाच राहिला, महिनाभर. पोरं चुकीचं पाहून शिकत होती. कॅटेगरी ही काय नुसती नीटनेटकेपणाची गोष्ट नाही हे मला तिथं कळलं.

बरं विषयाची नावं तरी सारखी राहतात का, तर नाही. पोरगं जसं वर चढतं तसं विषय नाव बदलतो. लहान वर्गात परिसर अभ्यास, सहावीत त्याचं सामान्य विज्ञान होतं, नववीत विज्ञान आणि तंत्रज्ञान होतं आणि दहावीत त्याचे भाग १ आणि भाग २, पेपरसुद्धा दोन, ४०-४० मार्कांचे. नागरिकशास्त्र आठवीपर्यंत, मग राज्यशास्त्र. आता दहावीच्या विज्ञान भाग १ मधे पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, त्याला नववीचे गतीचे नियम पक्के पाहिजेत, ते कच्चे असलेलं पोरगं दहावीच्या कप्प्यात कितीही शोधेल तरी त्याला पाहिजे ते नववीच्या कप्प्यात पडलंय, आणि दहावीतलं पोरगं नववीचा कप्पा उघडत नाही, लाजतं. हे मी वर्गात बघितलंय, घरी फोनवर तर वेगळं काही होणार नाही.

शिवाय शब्द. कोणी शतमान म्हणतं, आमचे जुने गुरुजी शेकडेवारी म्हणायचे, पोरं सरळ टक्के म्हणतात. सेमी इंग्रजीच्या पोरांना लसावि माहीतच नाही, ते एलसीएम टाकून शोधतात, आणि त्याच घरातला मोठा भाऊ लसावि शिकलेला. मी एकच नाव दिलं की अर्धी पोरं बाहेर राहतात. तिसरीचं तर आणखी वेगळं, परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघालेलं, मी यवतमाळचं धरून सरावाची पानं केली आणि माहूरकडं दिलेल्या बहिणीच्या पोरानं उघडलं तर त्याच्या पुस्तकात नांदेड.

भावाला फोन केला तर तो म्हणे, "ताई, तू कॅटेगरी आणि टॅग एकच समजून रायली. कॅटेगरी म्हंजे घर, ते एकच ठेव. टॅग म्हंजे खुणा, त्या पायजे तेवढ्या लाव." मी म्हटलं मग घर कोणतं, इयत्ता की विषय? त्यावर तो म्हणे ते तुले माहीत, मी काय शिकवतो का. बरोबर आहे त्याचं.

मग मला आठवलं की बीएडला आम्हाला ग्रंथालयाचा एक तास असायचा आणि त्यात रंगनाथन यांचं नाव यायचं. शि. रा. रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथं एका दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहिलं, तेच तेच तुकडे नटबोल्टनं वेगवेगळे जोडले की वेगळी वस्तू होते, आणि त्यावरून त्यांना सुचलं की पुस्तकाला आधीच ठरवलेल्या एका खणात कोंबायच्या ऐवजी त्याच्या बाजू वेगळ्या करा आणि मग जोडा. विषय काय, कशाबद्दल, कुठलं, कधीचं. १९३३ ला त्यांची ही वर्गीकरणाची पद्धत छापून आली, त्यात बाजू जोडायला अपूर्णविरामाची दोन टिंबं वापरली म्हणून तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. त्याच्या आधी ड्यूईची दशांश पद्धत होती, १८७६ ची, तिच्यात सगळं ज्ञान दहा मुख्य भागात, प्रत्येकाचे परत दहा. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातही पुस्तकाच्या पाठीवर तेच आकडे चिकटवलेले. माझ्या चौतीस कॅटेगऱ्या म्हणजे ड्यूईसारखं एक झाड होतं आणि माझा अपूर्णांक पाच फांद्यांवर लटकला होता. रंगनाथन यांनी १९३१ ला ग्रंथालयाचे जे पाच नियम सांगितले त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. हा नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावलाय, कारण माझ्या वाचकाजवळ एकच तास आहे.

तरी मी स्वतःच्या मनानं ठरवलं नाही या वेळी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, एकेकीवर एकेका व्हिडिओचं नाव, आणि रविवारी सकाळी मंदिराच्या सभामंडपात पोरांना बसवलं, तुम्हाला वाटेल तशा ढिगाऱ्या करा म्हटलं, मी मधे बोलणार नाही. दोन तास लागले. मला वाटलं होतं इयत्तेप्रमाणे लावतील. एकाही गटानं इयत्तेप्रमाणे लावलं नाही! नकाशाचं प्रमाण हा भूगोलाचा व्हिडिओ त्यांनी गुणोत्तराजवळ ठेवला, आणि खरंच आहे, एक सेंटिमीटरला किती किलोमीटर हे गुणोत्तरच तर आहे, मी इतकी वर्षं शिकवते मला कधी ते शेजारी ठेवायचं सुचलं नाही. आठवीच्या एका पोरीनं वेगळीच ढिगारी केली, त्यात चक्रवाढव्याज, विजेचं बिल, पेरणीचा खर्च काढायचं उदाहरण. विचारलं हे काय, तर म्हणे "हे घरी लागते ते." माझे बाबा तिथंच पायरीवर बसले होते, ते म्हणाले कापसाचंही असंच असते, पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा ठेवतो, फरदड म्हणजे हंगामानंतरचा कापूस वेगळा, कवडी म्हणजे किडका कापूस वेगळा, शेत कोणतं ते कोणी पाहत नाही, भाव काढणारा कापूस पाहतो.

तर आता घर म्हणजे विषयातला मुद्दा. अपूर्णांक, टक्के, गती आणि बल, वीज, नकाशा, पोरांच्या तोंडचीच नावं. पहिल्या पानावर नऊच घरं, त्याहून जास्त एका स्क्रीनवर मावत नाहीत, मी बाबांच्या फोनवर मोजून पाहिलं. इयत्ता, स्कॉलरशिप, नवोदय, सेमी या सगळ्या खुणा, आणि ज्याला आपली सातवीच पाहिजे तो सातवी दाबतो तर सातवीचंच दिसतं. "घरी लागते ते" हे घर पण ठेवलंय, त्याच नावानं. व्हिडिओ आता एकच, चूक निघाली तर एका ठिकाणी दुरुस्त. शोधायच्या रकान्यात लसावि टाका, एलसीएम टाका, तेच येतं, प्रत्येक पानाच्या खाली मी सगळी नावं लिहून ठेवली.

यात एक धोका होता तो आधी लक्षात नव्हता. कॅटेगरीच्या नावाबरोबर मी पत्ताही बदलला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वर्षांत पाठवलेल्या सगळ्या लिंक मेल्या. पोरं जुनी लिंक उघडतात आणि कोरं पान. भावानं ३०१ रीडायरेक्ट लावून दिले, म्हणजे जुन्या पत्त्यावर गेलं की आपोआप नव्यावर नेतं. कोणी असं काम काढणार असेल तर आधी याची तयारी ठेवा मग नावं बदला, मी उलटं केलं आणि तीन दिवस पोरांचे मेसेज आले.

"इतर" नावाची कॅटेगरी मी काढून टाकली. तिच्यात गेलेलं कोणीच उघडत नव्हतं, मी पण नाही. पण एक चिठ्ठी उरली जी पोरांनी कोणत्याच ढिगारीत ठेवली नाही. साप चावला तर काय करायचं, हा मी पावसाळ्यात बनवलेला व्हिडिओ. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायचं कसं, चावलेल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला हलू द्यायचं नाही, मांत्रिकाकडं वेळ न घालवता १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना, औषध तिथंच मिळतं. कोणत्या इयत्तेचा नाही, कोणत्या पेपरला नाही. पोरं म्हणाली मॅडम हे सगळ्यांच्या वर ठेवा, बाबा फोन उघडतील तर त्यांनाही दिसेल. ठेवलाय. जूनपासून वेचणी संपेपर्यंत तो नऊ घरांच्या वर राहील.