उसन्या गळ्याची गोष्ट

गेल्या महिन्यात मँचेस्टरमधल्या एका जुन्या चित्रपटगृहात, वयाच्या ४२व्या वर्षी, मी ‘सिंगिंग इन द रेन’ पहिल्यांदा पाहिला. १९५२ सालचा हा अमेरिकन संगीतपट मी पाहिलेला नाही हे कळल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीने माझ्याकडे, आपण एखाद्या पुणेकराने बालगंधर्वांचे नाव ऐकले नसल्याचे कळल्यावर पाहू, तसे पाहिले आणि त्याच संध्याकाळी दोन तिकिटे काढली. माझ्या शाळकरी वयात सांगलीच्या थिएटरांत इंग्रजी सिनेमा म्हणजे पोस्टरवर पिस्तूल घेतलेला माणूस आणि मागे पेटलेली मोटार. नाचगाण्याचा इंग्रजी सिनेमा आमच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

आत शिरताना मैत्रिणीने मला सावधपणे समजावले, की यात माणसे बोलता बोलता मध्येच गाऊ लागतात, पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते जरा विचित्र वाटते, तेव्हा तू मनावर घेऊ नकोस. मला हसू आवरेना. देवल हरिपूरचे आणि खाडिलकर सांगलीचे. त्यांची ‘संशयकल्लोळ’ आणि ‘मानापमान’ मी विष्णुदास भावे नाट्यमंदिरात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी बसून पाहिलेली आहेत. नायिका रुसली की ऑर्गनवाल्याने भाता मारायला घ्यायचा आणि तिने चांगली दहा मिनिटे गात रुसायचे, मधल्या काळात कथानकाने मुकाट्याने बाजूला उभे राहायचे, हा व्यवहार मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक आहे. खरे तर या चित्रपटातली पात्रे फारच लवकर गाणे आटोपतात, अशीच माझी तक्रार होती.

डोनाल्ड ओ’कॉनर भिंतीवर पावले टाकत चढतो आणि उलटी कोलांटी घेऊन खाली येतो, त्या गाण्यानंतर माझ्या तोंडून ‘वन्स मोअर’ निघता निघता राहिले. तो वन्स मोअर त्यांना वेगळ्याच रीतीने मिळाला होता. पहिल्या वेळचे चित्रण खराब निघाले आणि अंग ठणकत असताना सगळा प्रकार पुन्हा करावा लागला, अशी आठवण ते सांगत असत. उलट, उत्तरार्धातला ब्रॉडवेवरचा लांबलचक नृत्यप्रसंग मला रुचला नाही. रंग डोळे दिपवणारे आहेत, पण तेवढ्या वेळात मूळ गोष्टीची मला आठवणसुद्धा राहिली नाही.

पावसातल्या गाण्याबद्दल मात्र मी गाफील होते. आम्हा सांगलीकरांना पाऊस कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी फुटांत मोजायची सवय. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा मी इथे बसून रात्रभर फोनवर आकडे विचारत होते आणि गावभागातल्या आमच्या घराच्या माडीवरून अण्णा ते सांगत होते. तेव्हापासून पाऊस म्हटले की पोटात काहीतरी हलते. इथे जीन केली मिटलेली छत्री खांद्यावर टाकून पन्हाळीच्या धारेखाली तोंड वर करून उभा राहतो आणि रस्त्याच्या कडेच्या डबक्यात लहान मुलासारखा दोन्ही पायांनी थबाथबा उड्या मारतो. तेवढ्यात मागे पोलीस येऊन थांबतो. केलीच्या खांद्यांतला नाच हळूहळू उतरतो, तो ओशाळल्यासारखा बाजूला होतो आणि समोरून येणाऱ्या एका भिजलेल्या माणसाच्या हाती छत्री देऊन निघून जातो. चित्रीकरणाच्या वेळी त्यांना १०३ अंश ताप होता, असे नंतर वाचले. त्या चार-साडेचार मिनिटांत मला एकही फूट आठवला नाही, एवढेच सांगते.

पण घरी परतताना ट्राममध्ये डोक्यात घोळत राहिले ते पावसाचे गाणे नव्हे. चित्रपटाची गोष्ट १९२७ सालची, मूकपट संपून बोलपट येतानाची. लीना नावाच्या मोठ्या नटीचा आवाज चिरका असतो, म्हणून कॅथी नावाची नवखी मुलगी तिच्यासाठी आडून बोलते आणि गाते. शेवटी भरल्या प्रेक्षागृहात लीना नुसते ओठ हलवत असताना तिघे जण मागच्या पडद्याची दोरी ओढतात, मागे गाणारी कॅथी उघडी पडते आणि लीनाची फजिती होते. सगळे प्रेक्षागृह हसत होते. मला काही केल्या हसू येईना. ज्या देशात पडद्यावरची नायिका आपल्या गळ्याने गाते अशी कोणाची अपेक्षाच नसते, तिथून आलेल्या बाईला यात एवढे लाज वाटण्यासारखे काय घडले, हे कळायला वेळ लागतो. लीनाचे काम करणाऱ्या जीन हेगन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते, ते योग्यच होते.

खरी गंमत पुढे आहे. कॅथी लीनाच्या बोलपटासाठी गाते त्या ‘वुड यू?’ या गाण्यात कॅथीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांचा आवाज नाहीच. तो बेटी नॉइज या गायिकेचा आहे. आणि कॅथी लीनासाठी संवाद बोलते तिथे ऐकू येतो तो हेगन यांचाच, चिरका नसलेला, मूळ आवाज. म्हणजे उसन्या आवाजाची चोरी उघडकीला आणणारा चित्रपट स्वतःच उसन्या आवाजावर उभा आहे, आणि बेटी नॉइज यांचे नाव श्रेयनामावलीत कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळे मी फोनवर अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “यात नवीन काय? भाव्यांच्या नाटकात हेच होते की.” आणि खरेच होते. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे. पात्रे त्यावर अभिनय करीत आणि मग आपले भाषण ऐनवेळी रचून बोलत. गळा एकाचा आणि मुद्रा दुसऱ्याची, पण गाणारा तिथेच सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा असे, त्याच्यासाठी पडदा ओढावा लागत नसे. पद सर्रास पात्रांच्या तोंडी आले ते पुढे, १८८०च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून. मग अण्णांनी लताबाईंचा विषय काढला, कारण बालपणाची काही वर्षे सांगलीत काढलेल्या लताबाईंवर आमच्या घरात सगळ्यांचा हक्क आहे. १९४९च्या ‘महल’मधले त्यांचे गाणे बाजारात आले तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलेले होते ते कामिनी, म्हणजे पात्राचे. लोकांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, तेव्हा गाणारीचे नाव बाहेर आले.

“त्या तुमच्या बाईंसाठी कोणी पत्रे लिहिली नाहीत वाटते,” अण्णा म्हणाले. पाहिलेल्या प्रत्येक नाटकाची तारीख आणि नटसंच लिहून ठेवायची त्यांची एक वही आहे. २०१९च्या पुरात ती सर्वांत आधी माडीवर गेली होती. चष्मा शोधल्याचा, पाने उलटल्याचा आवाज आला आणि मग त्यांनी विचारले, “नॉइजमधला ‘ज’ कसा गं, जहाजातला की जगातला?”