लाईट गेली तरी काम चालूच

परवा रत्नागिरीत धो धो पाऊस, लॅबभर ओल्या छत्र्यांचा वास आणि मी पुण्यातल्या सर्व्हरवर लॉगिन करायला बसलेलो, तर कनेक्शन सारखं टाईमआउट, कारण एसएसएचचा (लांबच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची सोय) 22 नंबरचा पोर्ट, म्हणजे तिचं ये-जा करायचं दार, फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या राखणदारात) बंद. सरांच्या मागे लागून उघडून घेतला (दोन चहा गेले त्यात). मग पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटेना, साधे ठिपकेपण नाहीत, बाजूचा ज्युनिअर म्हणतो, दादा कीबोर्ड गेला वाटतं. अरे गेला नाय रे, पासवर्ड कोणाला दिसू नये म्हणून ते तसंच असतं! नशीब सर्व्हरवर आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारं सॉफ्टवेअर) चालू करून त्यात प्रोग्रॅम लावलेला, कारण दहाच मिनिटांत लाईट गेली. रात्री घरून परत लॉगिन केलं, टीमक्स अटॅच मारलं, म्हणजे त्याला परत जोडलं, तर प्रोग्रॅम पठ्ठ्या आपला निवांत चालूच.