तुम्ही विचारलंत म्हणून: त्या म्युझियमला मी का गेले

गॅरेट ही मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीखालचा धातू शोधायची मशीनं, बनवणारी कंपनी, आणि अशी मशीनं घेऊन हिंडणं हा माझा छंद. पण कंपनीनं स्वतःच मांडलेलं स्वतःचं म्युझियम म्हणजे जाहिरातच की! ती बघायला टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओहून गार्लंडपर्यंत साडेचार तास गाडी हाकायची आणि तेवढेच तास परत? भाच्यानं विचारलं, महाराष्ट्र मंडळात दोघातिघांनी विचारलं, बहिणीनं तर फोनवर "ताई, तुझं हे काय चाललंय?" म्हणून काळजीच्या सुरात विचारलं. आवड आहे म्हणून गेले, एवढं सांगून मी विषय बदलत आले. आता एकदाच नीट सांगते.

सोनं सापडलं का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही सापडलं. 1980 साली ऑस्ट्रेलियात किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरनं 27.21 किलोचा सोन्याचा गोळा मिळाला, जमिनीखाली जेमतेम फूटभर. तसली एखादी बातमी वाचली की लोक माझ्याकडे आशेनं बघतात. मला इतक्या वर्षांत मिळाल्या त्या पेयाच्या कॅनच्या टॅब, खिळे, आणि चांदीची मूठभर नाणी. अमेरिकेतल्या 1964 पर्यंतच्या डाइममध्ये (दहा सेंटचं नाणं) आणि क्वार्टरमध्ये (पंचवीस सेंटचं) 90 टक्के चांदी असायची, मग कायदा बदलला आणि ती गेली. चार्ल्स आणि एलेनॉर गॅरेट यांनी गार्लंडची ही कंपनी काढली तीही 1964 मध्येच. मातीतून वर आलेल्या नाण्यावर ते साल दिसलं की मला अजूनही भरून येतं.

तर म्युझियम. जाहिरात आहे, नाकारत नाही. पण जुनी मशीनं ओळीनं बघितली की या छंदातलं कष्टाचं काम कळतं. सुरुवातीच्या मशीनमध्ये दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक कंपनं देणारी सर्किटं, असत, एक जमिनीवर फिरणाऱ्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) जोडलेला आणि दुसरा डब्याच्या आत. दोघांच्या सुरांतला फरक कानात घुमायचा. कॉइलखाली धातू आला की एक सूर हलायचा, घुमणं बदलायचं. पण ऊन चढलं तरी सूर सरकायचा, मग धातू कुठला आणि ऊन कुठलं? हे सरकणं आवरायचं हेच चार्ल्स गॅरेट यांचं सुरुवातीचं मोठं काम. विमानतळावर तुम्ही ज्या चौकटीतून जाता, तशा चौकटी या कंपनीनं 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला पुरवल्या होत्या.

हे सगळं खरं आहे, पण मी त्यासाठी गेले नव्हते.

माझं पहिलं मशीन म्हणजे याच कंपनीचं पिवळं एस 250. ते घेऊन 2007 च्या नोव्हेंबरात मी एका रँचवर गेले. मालक ऐंशीच्या घरातले, बायको गेलेली, मुलं दूर. त्यांनी मला कॉफी दिली आणि म्हणाले, हवं तिथे खण, फक्त गुरांचं फाटक लावून घेत जा. ओढ्याकडे उतरणारा एक उतार होता, मेस्कीटची झुडपं आणि चुनखडीचे दगड. पहिला सिग्नल मधल्या सुराचा आला, म्हणजे नव्वद टक्के कॅनची टॅब. खणायचा कंटाळा आला होता, तरी खणलं. चार इंचांवर पांढरट, खडूसारखं काहीतरी हाताला लागलं. बोटाएवढं, एका टोकाला निमुळतं, दुसरं टोक आतून पोकळ, आणि बाहेरून गोल फिरलेल्या तीन खाचा. एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकाच्या बंदुकीची शिशाची गोळी. शिसं मातीत राहिलं की वर असा पांढरा थर येतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी 31 गोळ्या काढल्या. एक पितळी बटणही मिळालं, त्यावर पंख पसरलेला गरुड. सगळं एका कॉफीच्या डब्यात. डबा हलवला की आतून जड, बोथट आवाज यायचा आणि मला हसू फुटायचं. घरी येऊन दात घासायच्या ब्रशनं प्रत्येक गोळी चकचकीत केली. तो पांढरा थर सिंकमधून वाहून गेला.

दोन वर्षांनी एका कार्यक्रमात मी तो डबा एका पुरातत्त्वज्ञांसमोर ठेवला. कौतुकाच्या अपेक्षेनं, हे कबूल करते. त्यांनी एकेक गोळी उचलून दोन ढीग केले. एकात 22, लागून चेपलेल्या. दुसऱ्यात 9, अगदी अखंड. अखंड गोळ्या म्हणजे बंदूक भरताना घाईत हातातून निसटलेल्या, जिथे बंदूकवाला उभा होता तिथे. चेपलेल्या म्हणजे जिथे त्या येऊन आदळल्या तिथे. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "यातली कुठली कुठे मिळाली?"

मी म्हटलं, उतारावर.

"उतारावर कुठे?"

मला सांगता येईना. उभं राहणारे वर होते की खाली? एका रांगेत की पांगलेले? बटण कोणत्या ढिगाजवळ होतं? ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ढीग परत डब्यात भरले, झाकण लावलं आणि माझे आभार मानले.

पुढे मी वाचत गेले. लिटल बिगहॉर्नची 1876 ची लढाई, मोंटानात अमेरिकी सैन्य आणि तिथले मूळ रहिवासी यांच्यातली. 1983 मध्ये तिथलं गवत जळालं, आणि 1984 मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना सोबत घेऊन रणभूमी पिंजून काढली. सिग्नल आला की झेंडी. खणलं की जागा मोजून नोंद. काडतुसांवरच्या ठोक्याच्या खुणांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे त्यांनी दाखवलं. माझ्यासारखेच लोक, तशीच मशीनं.

इंग्लंडमध्ये हॉक्स्नला 1992 मध्ये एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन नाणी लागली. थोडी काढली, मग थांबले आणि कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी येऊन उरलेला ठेवा जागेवरच्या मांडणीसकट उचलला. चौदा हजारांवर नाणी निघाली, आणि तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांना थांबायचं कसं सुचलं असेल, यावर मी कितीदा विचार केलाय.

आता माझी बाजू. माझ्याकडे परवानगी होती. जमीन खाजगी होती, मी कुठलाही कायदा मोडला नाही, एकूण एक खड्डा बुजवला, फाटक लावलं. आणि सगळ्यात मोठं: मालक गेले, जमीन विकली गेली, तो उतार यंत्रांनी सपाट केला. आज तिथे घरं आहेत. मी खणलं नसतं तर त्या 31 गोळ्या भरावाच्या मुरमात गेल्या असत्या. हे मी त्या वेळच्या मला सांगते, तेव्हा ती मान डोलावते. मग मीच तिला विचारते, बाई गं, खिशात पेन होतं ना? फाटकापासून पावलं मोजायला किती वेळ लागला असता? यावर तिच्याकडे उत्तर नसतं, आणि माझ्याकडेही नाही. पहिली गोळी वर काढताना जो आनंद झाला होता, तो खोटा होता असं मी अजून म्हणू शकत नाही.

बरीच वर्षं मी मशीनला दोष दिला. स्वस्तातलं होतं, खोली धड दाखवत नव्हतं, जीपीएस नव्हतं. म्हणून गार्लंडला गेले. त्या जुन्या मशीनांसमोर उभं राहून मला स्वतःला विचारायचं होतं, दोष खरंच मशीनचा होता का. ज्यांच्याकडे नुसता घुमणारा सूर होता, त्यांनीही हवं तर कागदावर फुली मारली असती. माझं पिवळं मशीन त्या दिवशी 31 वेळा बरोबर वाजलं. पडद्यावर चार इंच दाखवलं तिथे चार इंचांवर गोळी होती. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. मी काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. शाळेतल्या मुलांचा घोळका आला तेव्हा बाजूला झाले.

परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि आठवेल तसा उतार काढला. ओढा, फाटक, झुडपं. पहिली गोळी पक्की आठवते, चुनखडीच्या फुटक्या दगडाच्या डाव्या अंगाला. बटण आठवतं, कारण ते काढताना गुडघ्याला मेस्कीटचा काटा लागला होता. या दोन वस्तू वेगळ्या पाकिटांत घालून वर जागा लिहिली. तिसऱ्या गोळीची फुली काढली, मग खात्री वाटेना म्हणून खोडली. उरलेल्या 30 गोळ्या डब्यातच आहेत.