कुत्र्याच्या डोळ्यासाठी मी ड्रॉप का देत नाही

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी आठवडी बाजार भरतो, आणि दर बाजाराला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे एकदा तरी होतंच. "वहिनी, कुत्र्याच्या डोयातून पानी येऊन राह्यलं. एखादा ड्रॉप द्या ना." मी नाही म्हणते. मग पुढचं ठरलेलं: "इतके ड्रॉप ठेवून राह्यल्या फळीवर, मंग एक द्यायले काय होते?" हल्ली गावात चार पग, दोन शिह त्झू आणि एक ल्हासा अशी चपट्या तोंडाची कुत्री आहेत, त्यामुळे विचारणारेही वाढलेत. काही जण तर मनात राग धरतात. मुक्या जनावराचं हिला काही नाही, असं त्यांना वाटतं. बाजाराच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही. ड्रॉप का देत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आमच्या घरी बुंदी आहे. पग. तिचा उजवा डोळा पांढुरका दिसतो, आणि त्याची नजर माझ्या हातून गेली.

बुंदी आली २०१९ च्या दिवाळीत. पुतण्याने पुण्यात घेतली होती. २००३ मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे चालणारा पग टीव्हीवर यायचा, तेव्हा हा पोरगा पहिलीत होता. तेव्हापासून त्याला पगच हवा होता. पुढे त्याची नोकरी बंगळूरला गेली आणि "काकू, दोन महिने ठेवा" म्हणून बुंदी आमच्याकडे आली ती आमचीच झाली. पहिल्या रात्री मी दचकले. कूलरसमोर ती घोरत पडली होती आणि डोळे अर्धे उघडे. पापण्यांच्या फटीतून बुबुळाची ओली रेघ चमकत होती. मला वाटलं जागी आहे. हात हलवून पाहिला, तर गाढ झोपलेली.

त्या उघड्या फटीत बरंच काही आहे, पण तेव्हा मला ते कळलं नाही. गावठी कुत्र्याचा डोळा खोबणीत आत बसलेला असतो, समोर लांब नाक असतं. गवतात तोंड घातलं तर आधी नाकाला लागतं. पगची खोबण उथळ. डोळा बशीत ठेवलेल्या लिंबासारखा वर आलेला आणि पापण्या त्याला पुऱ्या पडत नाहीत. झोपेत मधला पट्टा उघडा राहून सुकतो. नाकावरच्या घडीचे केस बुबुळाला घासतात, आतल्या कोपऱ्यात पापणी आत वळलेली असते, तिचेही केस घासतात. त्यात आणखी एक गोष्ट, जी मला डॉक्टरांनी नंतर सांगितली: चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, संवेदना कमी असते. गावठी कुत्रा जिथे कळवळेल तिथे पग नुसता डोळा मिचकावतो. आपल्याला वाटतं, फार काही नसेल.

बुंदीने असाच डोळा मिचकावला. फेब्रुवारी होता, आवारात तूर काढणं चाललं होतं, कुटार, म्हणजे भुसा, उडत होतं. संध्याकाळी उजव्या डोळ्यातून पाणी, थोडी लाली. मी डी.फार्म. झालेली बाई, वीस वर्षं काउंटरला उभी. हात सरळ फळीवर गेला. डोळे आल्याच्या साथीत जो ड्रॉप सगळे नेतात तोच घेतला, अँटिबायोटिक आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी लाली गेली, डोळा उघडा. मला बरं वाटलं. दिवसातून चारदा घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात तिचं तोंड वर केलं तर बुबुळावर निळसर धुकं आलेलं, आणि मधोमध एक खळगा. साबुदाण्याचा दाणा निघून गेल्यावर राहावी एवढी जागा. कडा मऊ, ओल्या, शेंबडासारख्या.

तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक नारिंगी पट्टी सलाइनच्या थेंबात भिजवली आणि पापणीच्या आत टेकवली. फ्लुओरेसिनची पट्टी. डोळा धुतला, दार लावून घेतलं आणि निळ्या उजेडात पाहिलं. खळगा हिरवागार पेटला. कॉर्नियाचं वरचं कातडं शाबूत असेल तर हा रंग धरत नाही, धुतला की निघून जातो; जखम असेल तिथेच बसतो. एवढीशी पट्टी, एवढंसं काम. डॉक्टरांनी मला विचारलं, "मॅडम, काय घातलं होतं?" मी डबी दाखवली. ते काही बोलले नाहीत. डबी नुसती उलटी करून टेबलावर ठेवली.

स्टेरॉइड सूज आणि लाली ओसरवतं, म्हणूनच ते फसवतं. कॉर्नियावर जखम असताना घातलं की जखम भरणं थांबतं, जंतूंशी लढणारी ताकद दबते आणि कॉर्निया विरघळवणाऱ्या घटकांना मोकळं रान मिळतं. हा पडदा सगळा मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. विरघळायला लागला की एक-दोन दिवसांत आरपार भोक पडू शकतं. साधी जखम वेळेत नीट औषध मिळालं तर आठवड्याच्या आत भरून येते. बुंदीची जखम कुटाराच्या एका कणाची असणार. खोल ती मी केली.

त्याच दिवशी तळेगाववरून नागपूरला नेलं, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ चामडी ओढून त्यांनी ती जखमेवर शिवली, म्हणजे तिथे रक्त पोचतं आणि पडद्याला आधार होतो. बुंदीचंच रक्त काढून त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि बाटलीत भरून दिलं. पडदा विरघळणं थांबवायला त्याचे थेंब दर दोन तासांनी. ती बाटली आमच्या फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी होती. रात्री गजर लावून मी आणि हे आळीपाळीने उठत होतो. डोळा वाचला, काढावा लागला नाही. पण मधोमध पांढरा वण राहिला. त्या बाजूने ताट सरकवलं तर तिला कळत नाही, वास आल्यावर मान वळवते.

म्हणून मी देत नाही. लाल डोळा बाहेरून सारखाच दिसतो. आत जखम आहे, कोरडेपणा आहे, कुसळ अडकलंय की डोळ्यातला दाब वाढलाय, हे ना मला काउंटरवरून कळतं ना तुम्हाला अंगणात. स्टेरॉइडचे ड्रॉप शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायचेच नाहीत. पूर्वी मी विकत होते, माणसांनाही. आता कोणालाच देत नाही. तुमच्या घरात उरलेली बाटली असेल तर बारीक अक्षरं वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. यातलं एकही नाव दिसलं तर ती बाटली कुत्र्याच्या डोळ्याजवळ नेऊ नका. हेच औषध डॉक्टर कधी स्वतः लिहून देतात, पण पट्टी लावून जखम नाही हे पाहिल्यावर. गुलाबजल, मध, हळदीचं पाणी, बोरिक पावडर हेही नको. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवा, डोळा घासू देऊ नका, आणि निघा. घासू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कॉलर मिळतो. नसला तर पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं बूड कापून, कडांना कापड शिवून होतो. बुंदीचा आम्ही तसाच केला होता.

डाव्या डोळ्याचं दुखणं वेगळं निघालं. नागपूरला त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवली. तेवढ्यात ती पंधरा मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर अश्रू पुरेसे; दहाच्या खाली म्हणजे डोळा कोरडा. बुंदीची सातवर थांबली. मी महिनोन् महिने पुसत आले ते चिकट पिवळं चिपड कोरड्या डोळ्याचंच होतं, आणि मी म्हणायचे, हिच्या डोळ्याला फार पाणी येतं! डोळा सतत घासला, सुकला की कॉर्नियावर तपकिरी थर चढू लागतो. पगमध्ये हे फार दिसतं. नाकाच्या बाजूने सुरू होतो आणि हळूहळू बुबुळाच्या मध्याकडे सरकतो. लोक त्याला मोतीबिंदू समजतात. मोतीबिंदू आत भिंगात असतो, हा वरच्या पडद्यावर. चढलेला थर सहसा पूर्ण जात नाही, पण पुढे सरकणं आवरता येतं.

त्यासाठी बुंदीला टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्यांचं डोळ्याचं मलम दिवसातून दोनदा, जन्मभर. काहींना सायक्लोस्पोरिन देतात. दोन्ही औषधं अश्रू परत आणतात, पण आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून बंद केलं की पुन्हा पहिल्यासारखं. हे ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यांना दुकानदार म्हणून एक सांगते: टॅक्रोलिमसची कातडीवर लावायची ट्यूबही मिळते, तीही ०.०३ टक्क्यांची. ती डोळ्यात घालायची नाही. डबीवर डोळ्यांसाठी असं लिहिलेलं आहे का, हे बघूनच घ्या. याशिवाय कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे साधे अश्रूचे थेंब दिवसातून चारदा. हे मी चिठ्ठीशिवायही देते. बाटली फोडल्याची तारीख बॉलपेनने तिच्यावर लिहिते आणि महिन्याने फेकते. आधी थेंब, पाच मिनिटांनी मलम. जमिनीवर बसायचं, कुत्रं दोन मांड्यांमध्ये, त्याची पाठ आपल्याकडे, हनुवटी वर, आणि हात डोक्याच्या मागून आणायचा, समोरून नाही. तिखट कांडलं असेल तर हात साबणाने दोनदा धुवायचे, आणि शक्यतो त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणाला घालायला सांगायचं.

आमच्या भागात डोळ्याचे शत्रू घरातच आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दिवसरात्र कूलर चालतो, आणि कुत्रं त्याच्या तोंडाशी जाऊन झोपतं. तो वारा थेट उघड्या बुबुळावर. कूलरचं तोंड मी वर वळवलंय आणि बुंदीची गोधडी बाजूला टाकलीय. झोपायच्या आधी डोळा ओला ठेवणाऱ्या घट्ट मलमाची एक रेघ. घराच्या भिंतीला पऱ्हाटीचे आणि तुराटीचे, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांचे, ढीग लागलेले असतात. बाहेर आलेली टोकं नेमकी पगच्या डोळ्यांच्या उंचीला. आमचा ढीग आता तारेच्या कुंपणाआड आहे. सोयाबीन आणि तूर काढायच्या दिवसांत ती घरातच. चुलीच्या धुरात बसू देत नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस. गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो. नाकावरची घडी रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, एवढं तर लहान पोरगंही करतं.

आणि एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मागच्या पावसाळ्यात बस स्टँडजवळच्या घरचा पग मोठ्या कुत्र्याच्या तोंडी सापडला. पोरगा त्याला उचलून पळत दुकानात आला. डोळा पापण्यांच्या बाहेर लोंबत होता. उथळ खोबणीमुळे हे पगला सहज होतं. मानगूट जोरात धरली तरी होऊ शकतं. पोरगा बोटाने आत ढकलायला लागला होता, मी हात धरला. सलाइनची बाटली उघडून स्वच्छ कापड भिजवलं, डोळ्यावर ठेवलं, ते सुकू दिलं नाही, आणि यांनी गाडी काढली. अशा वेळी ढकलायचं नाही, पुसायचं नाही, ओलं ठेवायचं आणि तासाच्या आत डॉक्टर गाठायचा. बेशुद्ध करून डोळा आत बसवतात आणि पापण्या काही दिवस शिवून ठेवतात. त्याचा डोळा राहिला. दिसतं किती, ते त्याला माहीत.

"मग पग आणू का?" असंही विचारतात. माझं मत विचाराल तर आणू नका. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून, तोंडाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करू देत नाहीत. ते मला योग्य वाटतं. हा डोळा आजारी पडत नाही, तो घडवलाच तसा जातो. पण जो घरात आलाय त्याला सोडू नका, नीट सांभाळा.

आता फ्लुओरेसिनच्या पट्ट्या मी दुकानात ठेवते. दवाखान्यातल्या संपल्या की डॉक्टरांचा माणूस नेतो. मागच्या बाजारी शाळेतले एक सर त्यांच्या शिह त्झूसाठी ड्रॉप मागायला आले होते. मी नाही म्हटल्यावर चिडून गेले. पण दवाखान्यात गेले. शुक्रवारी परत आले आणि वर्तमानपत्राचा तुकडा काउंटरवर उलगडला. आत गवताचं एक कुसळ, नखाएवढं. तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या जादा पापणीच्या, मागे रुतून बसलं होतं, डॉक्टरांनी चिमट्याने काढलं. सर म्हणाले, "पाहा, वहिनी." चिठ्ठीवरचे थेंब घेतले, कुसळ पुन्हा कागदात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.